रामदासची तिथी

आषाढ अमावास्येला इंदूरच्या सुदामा नगरातल्या मराठी घरांत दिव्यांची अवस असते. समया, निरांजने, असला तर आजीच्या वेळचा कंदील, सगळे घासूनपुसून पाटावर मांडायचे, हळदकुंकू वाहायचे, कणकेचे गोड दिवे उकडायचे. मुंबईत आणि रायगडच्या किनाऱ्यावर याच अमावास्येला गटारी म्हणतात. दुसऱ्या दिवसापासून श्रावण, म्हणून मटण-मासळीचा शेवटचा बेत. आणि अलिबाग, पेण, उरण, रोहा या पट्ट्यात हीच अमावास्या जवळ आली की जुन्या माणसांना एका बोटीची आठवण होते. ती बोट गटारीसाठी गावी निघालेली माणसे घेऊन मुंबईहून सुटली आणि रेवसला पोहोचलीच नाही.

‘रामदास’ बुडाली तो दिवस १७ जुलै १९४७, गुरुवार. तारखेने पाहिले तर स्मरणाचा दिवस ठरलेला आहे. पण घरे तारखेने चालत नाहीत, तिथीने चालतात, आणि तिथी दरवर्षी पुढेमागे सरकते. २०२४ साली ही अमावास्या ४ ऑगस्टला आली, २०२५ साली २४ जुलैला. २०२३ साली मात्र ती नेमकी १७ जुलैला आली. त्या वर्षी अधिक श्रावण होता आणि १९४७ सालीही होता. पंचांगाचे चक्र एकोणीस वर्षांनी जवळपास त्याच जागी येते, हा योग त्याचाच. कुठल्याही सरकारी कार्यालयाने त्याची दखल घेतल्याचे दिसले नाही, आणि घेणार तरी कोण? या दिवसाची मालकी आजवर घरांकडेच राहिली आहे.

समुद्रात गेलेल्या माणसांची आठवण कोण ठेवतो, कशी ठेवतो आणि किती दिवस ठेवतो, हे पाहायचे तर मराठी माणसाने ‘रामदास’पासूनच सुरुवात करावी. भूमध्य समुद्रात बुडणाऱ्या होड्यांच्या बातम्या आपण दूरच्या म्हणून वाचतो. पण पोटासाठी गाव सोडलेली माणसे घेऊन जाणारी बोट बुडणे आपल्या दारातही घडलेले आहे.

‘रामदास’ ही काही डबघाईला आलेली होडी नव्हती. १९३६ साली स्वान अँड हंटर या नामांकित इंग्रज कंपनीने ती बांधली. लांबी १७९ फूट, रुंदी २९ फूट, वजन ४०६ टन. स्वदेशीच्या लाटेत लोकांच्या भागभांडवलावर उभी राहिलेली एक बोट कंपनी होती, इंडियन को-ऑपरेटिव्ह स्टीम नेव्हिगेशन. कोकणातली माणसे तिला प्रेमाने ‘माझी आगबोट कंपनी’ म्हणत. गोऱ्यांच्या बोटींशी टक्कर द्यायची म्हणून या कंपनीने आपल्या बोटींना संतांची नावे दिली. ‘तुकाराम’ होती, ‘रामदास’ होती, किनाऱ्यावरच्या ख्रिस्ती उतारूंसाठी ‘सेंट अँथनी’, ‘सेंट झेवियर’ही होत्या. नावांनी बोटींना तारले नाही. ११ नोव्हेंबर १९२७ रोजी ‘तुकाराम’ आणि ‘जयंती’ या दोन्ही बोटी एकाच दिवशी, एकाच वादळात बुडाल्या. वीस वर्षांनी ‘रामदास’ची पाळी आली, तेव्हा ती बॉम्बे स्टीम नेव्हिगेशन कंपनीकडे होती.

बोटीवर होते कोण? बहुतेक चाकरमानी. गिरणगावात साचे चालवणारे, गिरगावात घरगडी किंवा दुकानात नोकर असलेले, बाजाराला आलेले आगरी-कोळी, सोबत बायकामुले. मुंबई आणि रेवस यांच्यात बंदराचे तोंड तेवढे आडवे येते. दीडेक तासाचा प्रवास, मग रेवसहून बैलगाडी किंवा पायपीट. कोकणातल्या लांबच्या बोटी पावसाळ्यात बंद असत, पण रेवसची फेरी सुरू राही. ती खाडीतली, जवळची, म्हणून निर्धोक असा समज होता. स्थलांतर म्हटले की आपल्याला दुबई-अमेरिका आठवते. पण १९४७च्या रायगडकराला मुंबई हेच परदेश होते. सणाला परत जाता येईल एवढ्या अंतरावरचे परदेश, इतकेच.

सकाळी आठच्या सुमारास बोट भाऊच्या धक्क्यावरून सुटली. उतारू सुमारे पावणेसातशे, खलाशी आणि उपाहारगृहाची माणसे वेगळी. बंदराबाहेर पडताच पाऊस आणि वारा वाढला. इंग्रजी नकाशात ज्याला गल आयलंड म्हणतात त्या काशाच्या खडकाच्या आसपास लाटा डेकवर चढू लागल्या. पाणी एका अंगाने येते म्हटल्यावर माणसे दुसऱ्या अंगाला धावली. जहाजाच्या तोलाचा नियम साधा आहे. माणसांनी भरलेल्या डेकचे वजन एका कुशीला गेले आणि त्याच वेळी त्या कुशीला मोठी लाट बसली, तर बोट परत सरळ होत नाही. नऊच्या आत ‘रामदास’ आडवी झाली. जीवरक्षक कडी माणसांच्या मानाने फारच थोडी होती. वाचलेल्यांच्या सांगण्यात पुन्हा पुन्हा येते ते हेच, की बुडताना माणसांनी एकमेकांना धरले आणि धरल्यामुळेच दोघेही गेले.

त्या सकाळी रेवसकडच्या कोळ्यांच्या काही होड्या मासळी घेऊन मुंबईच्या बाजाराला निघाल्या होत्या. समोर समुद्रात माणसे पाहिल्यावर त्यांनी होड्यांतली मासळी पाण्यात ओतली आणि त्या जागी माणसे ओढून घेतली. पाऊणशेच्या आसपास जीव अशा रीतीने वाचले. पावसाळ्यात मासळीला दर असतो आणि होडीवर सावकाराचे कर्ज असते. एका दिवसाचा सगळा माल समुद्राला परत करणे म्हणजे काय, हे किनाऱ्यावरच्या माणसाला वेगळे सांगावे लागत नाही. या कोळ्यांची नावे कुठल्या दगडावर नाहीत.

मुंबईला मात्र दुपार उलटून जाईपर्यंत काहीच माहीत नव्हते. बोटीवरून किनाऱ्याला कळवण्याची सोय नव्हती. रेवस अवघ्या काही मैलांवर, आणि शहरातले नातेवाईक निर्धास्त. वाचलेल्यांपैकी दहा-बारा वर्षांचा एक मुलगा पोहत, तरंगत मुंबईच्या किनाऱ्याला लागला, त्याच्याकडून पहिली बातमी फुटली, असे सांगतात. हा मुलगा पुढे म्हातारा होईपर्यंत जगला, आणि वर्तमानपत्रवाले त्याला गाठून तीच हकिगत पुन्हा पुन्हा विचारत राहिले. पुढचे कित्येक दिवस किनाऱ्याकिनाऱ्याने प्रेते लागत होती.

दुसऱ्याच दिवशी, १८ जुलै १९४७ला, लंडनमध्ये भारत स्वातंत्र्याच्या कायद्यावर राजाची मोहोर उठली. त्यानंतरचे चार आठवडे देशात दुसरे काही बोलायलाच जागा नव्हती. फाळणी, सीमारेषा, दंगली, निर्वासितांच्या गाड्या, मग पंधरा ऑगस्ट. ‘रामदास’ची बातमी या पुरात वाहून गेली. यात कुणाचा कट नव्हता. पण दरवर्षी जुलै-ऑगस्टमध्ये स्वातंत्र्याच्या आठवणी काढणाऱ्या शाळांत आणि सभागृहांत महिनाभर आधीच्या या सहाशे मरणांना कधी कोपरा मिळाला नाही, हेही तितकेच खरे.

सहाशे म्हणजे नक्की किती? कुठे ६२५ लिहितात, कुठे ६९०. पंचाहत्तर वर्षांनंतरही पासष्ट माणसांचा फरक मिटलेला नाही. बंदरातली फेरीबोट, तिकीट म्हणजे कागदाचा तुकडा, त्यावर नाव नाही. कडेवरच्या मुलाला तिकीट नाही, आयत्या वेळी उडी मारून चढणाऱ्यालाही नाही. उतारूंची नावनिशी यादी अशी नव्हतीच. वर्तमानपत्रे या बोटीला ‘भारताची टायटॅनिक’ म्हणतात तेव्हा म्हणूनच हसू येते. टायटॅनिकवरच्या माणसामाणसाचे नाव, वय, तिकिटाचा वर्ग शंभर वर्षांनी घरबसल्या वाचता येतो. ‘रामदास’चे दुखणे नेमके उलटे आहे.

यादी नाही म्हटल्यावर उरते घर. घराकडे स्मरणाची स्वतःची यंत्रणा आहे, आणि ती जुनी, तपशीलवार आहे. प्रेत मिळाले नाही तर काय करायचे, हा प्रश्न धर्मशास्त्रकारांना पडून गेलेला आहे. पळसाच्या ३६० देठांचा माणूस करायचा, त्यालाच अग्नी द्यायचा आणि मग पुढचे दिवस करायचे. पालाशविधी म्हणतात तो हाच. परागंदा माणसाची वाट किती वर्षे पाहायची याचेही हिशेब आहेत, बारा वर्षे हा सर्वांत परिचित. इंग्रजांच्या १८७२च्या पुरावा कायद्याने तो सातावर आणला. अपघाताने, शस्त्राने, पाण्यात बुडून गेलेल्यांसाठी पितृपक्षात चतुर्दशी वेगळी राखून ठेवली आहे. तिला घायाळ चतुर्दशी म्हणतात. ज्याची तिथीच ठाऊक नाही त्याच्यासाठी सर्वपित्री अमावास्या आहेच. कोकणी मुसलमान खलाशांच्या घरची रीत निराळी. कोकणातले मुसलमान शाफई परंपरेचे, आणि त्या परंपरेत समोर मय्यत नसतानाही जनाजाची नमाज पढता येते. समुद्रावर पोट असलेल्या समाजाला अशी सोय लागणारच.

मालव्यातल्या मराठी माणसाला समुद्र परका, पण प्रेत न मिळण्याचे दुःख परके नाही. पानिपतावर १७६१ साली सदाशिवरावभाऊ गेले की नाही याचा वाद वर्षानुवर्षे चालला. पार्वतीबाईंनी वैधव्य मानले नाही. पुढे भाऊसाहेबांचा तोतयाही उभा राहिला आणि त्याला १७७६ साली देहान्त शिक्षा झाली. मल्हारराव होळकर त्याच रणातून जिवंत परतले, म्हणून इंदूरचा पुढचा इतिहास घडला. ज्या घरी माणूस परतला आणि ज्या घरी नुसती बातमी परतली, या दोन घरांत नंतरच्या पिढ्या कशा वेगळ्या वाढतात, हे मराठी माणसाने दोनशे साठ वर्षे पाहिले आहे.

पण घरच्या या यंत्रणेलाही मुदत आहे, आणि ती लक्षात घ्यायला हवी. श्राद्धात नावाने उच्चार होतो तो तीन पिढ्यांचा, बाप, आजा आणि पणजा. त्याच्या पलीकडचा पूर्वज नावाने उरत नाही, पितरांच्या समूहात मिसळतो. १९४७ला तिशीत असलेला गिरणी कामगार धरा. त्याचे नाव मुलाने घेतले, नातवाने घेतले. पणतू हे नाव घेणारा शेवटचा. तो पणतू आज पंचविशी-तिशीत आहे, बहुधा नवी मुंबईत किंवा पुण्यात, आणि गुरुजींनी विचारले तर पणजोबांचे नाव त्याला आईला फोन करून विचारावे लागते. ज्यांना मुलगा नव्हता, जे पोरवयात गेले, ज्या लेकी माहेरी निघाल्या होत्या, त्यांच्या वाट्याला तर हेही नाही. पितृपक्षात घाईघाईने म्हटलेल्या यादीत एखादा उच्चार, फार तर. म्हणजे कौटुंबिक आठवणीचा हा दोर आत्ता, याच दशकात, तुटायच्या बेतात आहे. घराने आपले काम केले. घराबाहेर ते कुणी उचलले नाही.

बाहेर कोण उचलू शकतो? एक उत्तर गुजरातने देऊन ठेवले आहे. ८ नोव्हेंबर १८८८ रोजी कच्छमधल्या मांडवीहून मुंबईला निघालेली ‘वैतरणा’ ही आगबोट सौराष्ट्राच्या किनाऱ्याजवळ वादळात नाहीशी झाली. नाव आपल्या ठाण्याच्या नदीचे, मालक मुंबईची शेफर्ड कंपनी. बोटीवर विजेचे दिवे होते म्हणून लोक तिला ‘वीजळी’ म्हणत. सातशेहून अधिक माणसे होती. त्यांत मुंबईला मॅट्रिकची परीक्षा द्यायला निघालेले विद्यार्थी होते, लग्नाची वऱ्हाडे होती. द्वारकेहून ती पोरबंदरला लागायची होती, पण हवामानामुळे तिथे न थांबता पुढे गेली आणि मांगरोळच्या आसपास दिसेनाशी झाली. (पोरबंदर म्हणजे सुदाम्याचे गाव. ज्याच्या नावाची वसाहत इंदूरसारख्या बिनसमुद्राच्या शहरात वसली, त्याच्याच गावाला ही बोट शेवटची चुकली.) एकही प्रेत मिळाले नाही, बोटीची फळीही लागली नाही.

मुंबई सरकारने चौकशी केली, अहवाल झाला. आठवण मात्र अहवालाने टिकवली नाही, गाण्याने टिकवली. कप्तान हाजी कासमला उद्देशून रचलेली लोकगीते सौराष्ट्रभर पसरली, झवेरचंद मेघाणींनी ती जमवली, गुणवंतराय आचार्यांनी त्यावर कादंबरी लिहिली. सव्वाशे वर्षांनंतरही गुजराती घरांत ‘वीजळी’ म्हटले की म्हातारी माणसे ओळ गुणगुणू लागतात. गाण्याने इतिहासाची काही मोडतोडही केली. पोरबंदरच्या इंग्रज अधिकाऱ्याने कप्तानाला निघू नको म्हणून बजावले होते, हा लोकप्रिय प्रसंग संशोधनात टिकत नाही. कप्तानाने ऐकले नाही म्हणून बुडाली, ही कथा लोकांना हवी होती. बोट वादळ सोसण्याजोगी नव्हती, हे गाण्यात बसत नाही. तरीही गाणे आहे म्हणून शोध घेणारे निघाले, आणि शोध घेतला म्हणून चूक सापडली.

कच्छच्या या माणसांचा धागा इंदूरपर्यंत येतो. ३० मार्च २०२३, रामनवमी. इंदूरच्या स्नेहनगर-पटेलनगर भागातल्या बेलेश्वर महादेव झुलेलाल मंदिरात हवन चालू असताना खालच्या जुन्या बावडीवरचा स्लॅब कोसळला आणि ३६ माणसे पाण्यात गेली. त्यांत कच्छहून इथे येऊन स्थिरावलेल्या पाटीदार कुटुंबांतली माणसेही होती. समुद्र सोडून पठारावर आलेल्यांना शहराच्या मध्यभागी पाण्याने गाठले. या ३६ जणांची नावे दोन दिवसांत छापून आली, घरोघरी गेली, चौकशीच्या कागदांत चढली. जमिनीवरच्या दुर्घटनेत आणि समुद्रातल्या दुर्घटनेत हा फरक पहिल्याच आठवड्यात पडतो.

नावे नसली तर काय होते, याचे सर्वांत कठोर उदाहरण पंजाबातल्या घरांकडे आहे. १९९६च्या नाताळात, २५-२६ डिसेंबरच्या रात्री, माल्टा आणि सिसिली यांच्या मधल्या समुद्रात ‘योहान’ नावाच्या जहाजातून शेकडो तरुणांना वादळात एका लहान बोटीत उतरवले गेले. भारत, पाकिस्तान, श्रीलंका इथले तरुण. दलालाला जमिनी विकून पैसे दिलेले. बोट बुडाली, किमान २८३ जण गेले. ‘योहान’वर उरलेल्यांना ग्रीसच्या किनाऱ्यावर सोडून देण्यात आले. त्यांनी तिथल्या पोलिसांना सगळे सांगितले, पण त्यांच्यावर विश्वास बसला नाही. बुडालेली बोट दिसत नाही, प्रेते नाहीत, मग बुडाले कोण? पंजाबातल्या घरांनी मग दुसरी कथा धरली, की पोरगा इटलीच्या तुरुंगात आहे, सुटला की फोन करील. दलालही तेच सांगत. होशियारपूरच्या बलवंतसिंग खेरांनी माल्टा बोट दुर्घटनेच्या चौकशीसाठी मंडळ काढून वर्षानुवर्षे या घरांचा पाठपुरावा केला, दिल्लीत आणि इटलीतही.

प्रेते नव्हती असे नाही. सिसिलीच्या टोकावरच्या पोर्तोपालो गावातल्या मच्छीमारांच्या जाळ्यांत ती महिनोन्महिने येत होती. मच्छीमारांनी ती परत समुद्रात टाकली. कळवले तर होड्या अडकतील, मासेमारी बंद पडेल, हंगाम जाईल, ही भीती. अखेर साल्वातोरे लूपो या मच्छीमाराला जाळ्यात एक ओळखपत्र सापडले, श्रीलंकेतल्या एका तमिळ तरुणाचे. ते घेऊन तो ‘ला रेपुब्लिका’चा पत्रकार जोव्हान्नी मारिया बेल्लू याच्याकडे गेला. जून २००१मध्ये पाण्याखाली कॅमेरा सोडून बुडालेली बोट दाखवण्यात आली. साडेचार वर्षांनी जगाने मानले, की हो, बुडाली होती. लूपोला गावाने जवळजवळ वाळीत टाकले.

रेवसचे कोळी आणि पोर्तोपालोचे मच्छीमार शेजारी ठेवून एकाला देव आणि दुसऱ्याला राक्षस ठरवणे सोपे आहे, आणि चूकही. रेवसच्या कोळ्यांसमोर जिवंत माणसे होती, ओळखीच्या बोटीवरची, स्वतःच्याच तालुक्यातली. पोर्तोपालोकरांसमोर मेलेली होती, परकी, आणि त्यांना वर काढणाऱ्याच्याच मागे पोलीस लागण्याची शक्यता होती. बुडणारा आपला आहे की नाही, आणि त्याला वर काढणाऱ्याला कायदा कसा वागवतो, या दोन गोष्टींवर समुद्रातला माणूस पुढे आठवणीत राहतो की नाही हे बरेचसे ठरते. धैर्य-अधैर्य त्यानंतर येते.

त्याच समुद्रातले लाम्पेदुसा बेट आज या स्मरणाचे जगातले सर्वांत ठळक ठिकाण झाले आहे. ३ ऑक्टोबर २०१३च्या पहाटे, किनारा दिसत असताना, पाचशेहून अधिक माणसे भरलेली बोट पेटली आणि कलंडली. मदतीसाठी खूण म्हणून पेटवलेल्या कांबळ्याने आग पसरली, माणसे एका बाजूला धावली. ‘रामदास’चाच तो क्षण, सहासष्ट वर्षांनंतर. ३६८ जण गेले, बहुतेक इरिट्रियाचे. १५५ वाचले. पहाटे होडी घेऊन समुद्रात असलेला व्हितो फियोरिनो हा तिथला एक माणूस. आरडाओरडा त्याला आधी समुद्रपक्ष्यांचा वाटला. त्याच्या लहानशा होडीने ४७ जणांना वर घेतले. हे सत्तेचाळीस जण स्वीडन, नॉर्वे, जिथे आसरा मिळाला तिथे विखुरले, पण ३ ऑक्टोबरला त्यांतले अनेक बेटावर परत येतात. त्याला बाप म्हणतात. एकत्र समुद्रात जाऊन फुले सोडतात.

इटलीच्या संसदेने २०१६ साली कायदा करून ३ ऑक्टोबर हा स्मरणदिन ठरवला. बेटावर मृतांच्या नावांचे स्मारक उभे राहिले, आणि त्यासाठी याच फियोरिनोने खटपट केली. इतके सगळे सुरळीत वाचून इटलीचे कौतुक करावे असे वाटेल. पण २०१३ साली बोट बुडाली त्याच आठवड्यात तिथल्या पंतप्रधानांनी मृतांना इटालियन नागरिकत्व देण्याची घोषणा केली आणि वाचलेल्यांवर बेकायदा प्रवेशाचा गुन्हा नोंदवला गेला, हेही घडले आहे. मेलेल्याला नागरिकत्व आणि जिवंताला समन्स. सरकारी स्मरणाकडे जरा डोळे बारीक करूनच पाहावे लागते.

अठरा महिन्यांनी, १८ एप्रिल २०१५ला, आणखी मोठी बोट बुडाली. आठशेहून अधिक माणसे गेली. इटलीने २०१६ साली ती बोट तळातून वर काढली आणि मिलानच्या न्यायवैद्यक डॉक्टर क्रिस्तिना कात्तानेओ व त्यांच्या सहकाऱ्यांनी प्रेतांची ओळख पटवायला घेतली. मालीच्या एका चौदा-पंधरा वर्षांच्या मुलाच्या जाकिटात शिवलेले शाळेचे प्रगतिपुस्तक मिळाले. काहींच्या कपड्यांत गावच्या मातीच्या पुड्या होत्या. ओळख पटवण्याच्या या कामाचा मुद्दा भावनिकच आहे असे नाही. मृत्यूचा दाखला नसला तर विधवेला पुन्हा लग्न करता येत नाही, मुलाला परदेशातल्या मामाकडे जाता येत नाही, जमिनीचा हिस्सा होत नाही. २०१४पासून एकट्या भूमध्य समुद्रात ३०,००० हून अधिक माणसे मेली किंवा बेपत्ता झाली. त्यांतल्या बहुसंख्यांच्या घरी अजून वाटच पाहिली जाते.

समुद्रात गेलेल्यांची ओळख पटवण्याचा हा अनुभव मुंबईलाही अलीकडे आला. १७ मे २०२१, तौक्ते चक्रीवादळ. बॉम्बे हायच्या तेलक्षेत्रात ‘पापा-३०५’ हा बार्ज नांगर तुटून भरकटला, एका फलाटावर आदळला आणि संध्याकाळी बुडाला. त्यावर २६१ माणसे होती. वेल्डर, फिटर, रिगर, स्वयंपाकी, रंगारी. उत्तर प्रदेश, बिहार, केरळ, महाराष्ट्र, कुठून कुठून आलेली कंत्राटी माणसे, समुद्रात तरंगत्या खोल्यांत राहून काम करणारी. सोबत बुडालेल्या ‘वरप्रदा’ या टगवर १३ होती. नौदलाच्या ‘कोची’, ‘कोलकाता’ आणि इतर जहाजांनी उंच लाटांतून १८८ जणांना वर काढले. ८६ गेले. वाचलेल्यांनी सांगितलेली रात्र जवळजवळ सारखीच आहे. अंगावर लाइफ जॅकेट, एकमेकांचे हात किंवा पट्टे धरून केलेला गोल, अंधार, आणि थोड्या थोड्या वेळाने गोलातला एखादा हात सुटणे. ‘रामदास’वर एकमेकांना धरल्याने माणसे गेली होती. इथे जॅकेट होते म्हणून धरल्याने काही जगली.

कोरोनाची दुसरी लाट चालू असताना नातेवाईक जे. जे. रुग्णालयात पोहोचले. बरेच दिवस पाण्यात राहिलेली प्रेते, काही रायगडला लागलेली, काही थेट गुजरातच्या वलसाडला. गोंदण, अंगठी, कपडे यांवरून ओळख पटली ती पटली, बाकीच्यांसाठी आईबापांचे रक्त घेऊन डीएनए चाचणी. मुंबई बंदराच्या यलो गेट पोलीस ठाण्यात गुन्हा दाखल झाला, वादळाचा इशारा असताना बार्ज का हलवला नाही याची चौकशी लागली. इथे एक गोष्ट ‘रामदास’हून निराळी होती. बार्जवर चढलेल्या प्रत्येकाची हजेरी नावानिशी होती. २६१ आणि १३ मिळून २७४. त्यांतून १८८ वजा जाता ८६. बेरीज जुळते. कंत्राटी मजुराच्या पदरात एरवी पडत नाही असे हे एक सुख, की तो नेमका मेला आहे हे कागदावर आहे. १८ डिसेंबर २०२४ला गेटवेहून घारापुरीला निघालेल्या ‘नीलकमल’ला नौदलाची वेगवान बोट धडकली आणि १५ जण गेले, तेव्हा मात्र बोटीवर नक्की किती होते यावरून पहिल्या रात्री आकडे पुन्हा हेलकावे खात होते. बंदरातली फेरीबोट अजून ‘रामदास’च्याच काळात आहे की काय, असे वाटावे.

‘रामदास’साठी आता काय करता येईल, हा प्रश्न विचारायला उशीर झाला असला तरी वेळ गेलेली नाही. वाचलेले बहुतेक गेले. पण कागद आहेत, आणि नेमक्या याच वर्षांत ते बाहेर निघत आहेत. २०२३ साली कुणबी नोंदी शोधण्यासाठी न्यायमूर्ती संदीप शिंदे समिती नेमली गेली, तेव्हा महाराष्ट्रभरच्या तहसील कचेऱ्यांतले जुने गाव नमुना १४, म्हणजे ज्याला लोक कोतवाल बुक म्हणतात ते जन्म-मृत्यूचे रजिस्टर, धूळ झटकून वाचले गेले, मोडी वाचणारे बोलावले गेले, पानांचे स्कॅनिंग झाले. शोध जातीच्या रकान्याचा होता. त्याच पानांवर मृत्यूची तारीख आणि कारण यांचेही रकाने आहेत. अलिबाग, पेण, उरण, रोहा आणि माणगाव तालुक्यांतली जुलै आणि ऑगस्ट १९४७ची पाने जर कुणी या नजरेने वाचली, तर किनाऱ्याला लागलेल्या आणि गावी नेलेल्या प्रेतांपैकी काहींची तरी नावे मिळतील. जी प्रेते मिळालीच नाहीत त्यांची नावे तिथे नसतील. ती घरांतच विचारावी लागतील, पणतूच्या आईला, येत्या पितृपक्षाच्या आधी.